मल्याळम चित्रपटांत गावोगावी दिसणारा 'क्लब' खरंच असतो का? तिथे नेमकं चालतं काय?

असतो. पडद्यावर दिसतो जवळपास तसाच असतो. रस्त्याकडेला एक खोली, वर मंगळुरी कौलं, दारावर रंगाने लिहिलेली पाटी, आत कॅरम बोर्ड, एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड, काचेच्या कपाटात ढाली नि चषक, आणि संध्याकाळी बाहेर पायरीवर बसलेली पाच-सहा माणसं. तुम्ही विचारलंय की हा क्लब म्हणजे पटकथाकारांची सोय आहे की खरी गोष्ट, आणि 'क्लब' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो श्रीमंतांचा जिमखाना येतो त्याच्याशी याचं काही नातं आहे का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: काही नातं नाही. पहिल्यासाठी जरा लांब लिहावं लागेल. बँकेच्या नोकरीत २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मी कोझिकोड जिल्ह्यातल्या एका गावात काढली. भाड्याच्या घरापासून क्लब शंभर पावलांवर होता, आणि मला जी काही मल्याळम आली ती तिथेच आली.

पाटीवर 'आर्ट्‌स अँड स्पोर्ट्‌स क्लब' असं असतं. कला आणि क्रीडा एकाच खोलीत. मराठी माणूस पाहताक्षणी म्हणेल, हे तर आपलं तरुण मंडळ. मीही तेच म्हणालो होतो आणि ते अर्धं बरोबर आहे. वर्गणी तीच, रात्र रात्र मांडव घालणारी पोरं तीच, दोन गटांतली रुसाफुगी तीच. ओणमला उरियडी होते ती आपल्या दहीहंडीची चुलत बहीण, फक्त थर नाहीत: दोरीला टांगलेलं मडकं वर-खाली ओढत राहतात, खालचा गडी काठीने ते फोडायला बघतो आणि बाकीचे त्याच्यावर पाण्याचा मारा करतात. वडंवली म्हणजे रस्सीखेच. जिंकणाऱ्या संघाला नेंद्र केळ्यांचा अख्खा घड. पण आपल्या मंडळाचं वर्ष गणपतीभोवती फिरतं. इथली खोली बारा महिने रोज संध्याकाळी उघडते, आणि पुष्कळ गावांत तिच्या भिंतीला भिंत लावून किंवा चार घरं सोडून 'वायनशाला' असते. वायन म्हणजे वाचन.

या वायनशालांचं मूळ सांगितल्याशिवाय क्लब कळत नाही. पी. एन. पणिक्कर नावाचे शिक्षक होते. त्यांनी १९२६ साली आपल्या नीलम्पेरूर गावात ग्रंथालय काढलं आणि १९४५ साली अंबलप्पुऴ इथे ४७ ग्रंथालयांची माणसं एकत्र बसवून ग्रंथशाला संघ उभा केला. 'वाचा आणि वाढा' हा त्यांचा मंत्र. १९ जून हा त्यांचा स्मृतिदिन तिथे वाचनदिन म्हणून पाळतात, शाळांपासून वायनशालांपर्यंत. १९८९ च्या कायद्याने केरळात मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी पाच टक्के उपकर बसला. म्हणजे घरपट्टी भरणारा प्रत्येक जण वाचनालयालाही थोडं देत असतो. आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यांच्याहून बावीस वर्षं जुना, पण त्यात असा उपकर नाही, आणि मला याची मनापासून खंत वाटते. आपल्याकडच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात गेलेल्या कुणालाही ती वाटेल. तिथल्या वायनशालेत मुलांसाठी 'बालवेदी' असते, बायकांसाठी 'वनितावेदी', आणि सकाळी सातला वर्तमानपत्रं उघडून बाकावर बसलेले म्हातारे. तेच म्हातारे संध्याकाळी क्लबच्या पायरीवर. पोरं कॅरम खेळत असतात आणि पायरीवर सकाळच्या अग्रलेखाचा पंचनामा चालू असतो. चित्रपटातल्या क्लबमधली माणसं एवढी बोलकी का असतात याचं अर्धं उत्तर या पायरीवर आहे.

आता भाषेचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तिनेच धरून ठेवलं.

गावात जाऊन महिना झाला असेल. संध्याकाळी दोन पोरं दारात उभी, हातात पावतीपुस्तक. 'सर, संभावना.' मला काही कळेना. कसली शक्यता? मग पुस्तकातली आधीची पावती त्यांनी दाखवली तेव्हा उलगडलं: संभावना म्हणजे वर्गणी, देणगी. दोनशे रुपये दिले आणि दार लावल्यावर एकदम आठवलं की हा शब्द तर आपलाच आहे. माझे आजोबा लग्नामुंजीच्या हिशेबात भटजींच्या दक्षिणेपुढे 'संभावना' असंच लिहायचे. पेशवाईच्या कागदांतही तो त्याच अर्थाने येतो. आपण तो अर्थ सोडून दिला, वर्तमानपत्रात 'विरोधकांची अमुक अशी संभावना केली' एवढ्यापुरता तो उरला, आणि हिंदीकडून 'शक्यता' या अर्थाने परत घेतला. तिथे तो पावतीपुस्तकात अजून धडधाकट आहे.

मग मला नादच लागला. क्लबच्या वार्षिकाची पत्रिका आली की मी ती घेऊन बसायचो. वार्षिक म्हणजे वर्धापनदिन. क्लबच्या वर्षातला ओणमनंतरचा मोठा दिवस. पत्रिकेचा क्रम ठरलेला: ईश्वरप्रार्थना, स्वागतम्, अध्यक्षप्रसंगम्, उद्‌घाटनम्, मग आशंसा, शेवटी कृतज्ञता. 'प्रसंगम्' म्हणजे भाषण! आपल्याकडे प्रसंग ओढवतो, तिथे तो मान्यवर करतात. आशंसा म्हणजे शुभेच्छापर चार शब्द. त्यासाठी सात-आठ नावं असतात आणि गावातलं कुणीही राहिलं तर ते मनाला लावून घेतं, म्हणून यादी वाढतच जाते. खाली समितीची नावं, शीर्षक 'भारवाही'. मी दचकलोच. मराठीत भारवाही म्हटलं की ओझ्याचा बैल आठवतो. तिथे पदाधिकाऱ्याला भारवाही म्हणतात, आणि मांडवाचे बांबू खांद्यावरून वाहणारे सचिव मी पाहिल्यावर मला तो शब्द 'पदाधिकारी'पेक्षा खरा वाटायला लागला. सगळ्यात वर एक नाव, 'रक्षाधिकारी'. म्हणजे आश्रयदाता, क्लबचा वडीलधारा.

दुसऱ्या वर्षी पत्रिकेत आशंसेच्या यादीत माझं नाव आलं. कुणी विचारलं नव्हतं, छापूनच आणलं. इंग्रजीत बोलतो म्हणालो तर सचिवाने मान हलवली, 'मल्याळम मती' म्हणजे मल्याळमच पुरे. दहावीतल्या एका पोराने चार दिवस माझी तयारी करून घेतली. वाक्यं सोपी होती: 'एल्लावर्क्कुम् एन्टे नमस्कारम्', सर्वांना माझा नमस्कार, अशी सुरुवात आणि 'एल्ला आशंसकळुम् नेरुन्नु', सगळ्या शुभेच्छा देतो, असा शेवट. अडलं ते एका अक्षरावर. मल्याळममध्ये ळ आहेच, भाषेच्या नावातच आहे, आणि मराठी माणसाला तो सहज येतो म्हणून तिथे आपलं कौतुक होतं. उत्तरेकडच्या सहकाऱ्यांना तो कधीच जमला नाही. पण त्याशिवाय आणखी एक वर्ण आहे, देवनागरीत ऴ असा लिहितात तो. जीभ मागे वळते पण टाळ्याला टेकत नाही. मऴ म्हणजे पाऊस, पुऴ म्हणजे नदी, वऴि म्हणजे वाट, वाऴ म्हणजे केळीचं झाड, आणि कोझिकोडही खरं तर कोऴिक्कोड. थोडक्यात त्या मुलखातलं जे जे डोळ्यांसमोर असतं त्यात हा ऴ आहे. तो पोरगा कॅरमचा स्ट्रायकर हातात धरून समोर बसायचा आणि मी चुकलो की तो बोर्डावर टक् करून आपटायचा. वार्षिकाच्या रात्री पाच वाक्यं बोललो. खाली बसलो तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि शेजारी बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी काही न बोलता माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की त्या स्टेजवर गावातलं प्रत्येक पोर कधी ना कधी उभं राहतं. कुणी प्रार्थना म्हणतं, कुणी नकला करतं, कुणी आभार मानतं. ज्यांच्यासमोर रोज वावरायचं त्याच लोकांसमोर, आपल्या भाषेत, माईकवरून. मल्याळम चित्रपटात दोन मिनिटांपुरता आलेला नटही इतका सहज का बोलतो, असं आपण नेहमी म्हणतो. माझं ठाम मत आहे की ती सहजता या स्टेजवरून आलेली आहे. चित्रपट क्लब दाखवतो कारण तो स्वतः क्लबातून आला आहे.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. केपीएसी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते 'केरळ पीपल्स आर्ट्‌स क्लब'चं लघुरूप. शेवटचं अक्षर क्लबचंच. १९५० साली निघालेल्या या नाट्यसंस्थेने १९५२ मध्ये तोप्पिल भासींचं 'निंङळेन्ने कम्युनिस्टाक्की' रंगमंचावर आणलं. 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत' असा त्याचा अर्थ. भासी तेव्हा भूमिगत होते, नाटक त्यांनी 'सोमन' या टोपणनावाने लिहिलं होतं. ओ. एन. व्ही. कुरुप यांची गीतं, देवराजन यांच्या चाली. ती गाणी त्या नाटकाहूनही लांब पोचली. पुढे यातलेच लोक चित्रपटात गेले, आणि काहींनी क्लबचं नाव आपल्या नावापुढे कायमचं लावलं. अभिनेत्री केपीएसी ललिता, २०२२ मध्ये त्या गेल्या, तोवर पन्नास वर्षं श्रेयनामावलीत त्यांचं नाव तसंच यायचं. आडनाव नाही, गाव नाही, संस्था. नट कलाभवन मणीचंही तेच. कोचीचं कलाभवन १९६९ साली फादर आबेल यांनी काढलं, १९८१ मध्ये तिथल्या पोरांनी 'मिमिक्स परेड' नावाचा नकलांचा कार्यक्रम बसवला, आणि त्या प्रवाहातून दिग्दर्शक जोडी सिद्दीक-लाल आणि जयराम, दिलीप, मणी हे नट असे एकामागून एक चित्रपटात आले. मणी चालकुडीत रिक्षा चालवायचे. या कार्यक्रमांना बोलावणारे कोण? देवळांचे उत्सव, चर्चचे पेरुन्नाळ, म्हणजे सण, आणि गावोगावच्या क्लबांची वार्षिकं.

दुसरा एक क्लब आहे, फिल्म सोसायटीचा, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्याशी आहे. दिग्दर्शक अदूर गोपालकृष्णन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून १९६५ साली परत गेले आणि मित्रांबरोबर तिरुवनंतपुरमला 'चित्रलेखा फिल्म सोसायटी' काढली. तिच्यातूनच पुढे सहकारी तत्त्वावरची चित्रपट संस्था झाली आणि १९७२ चा 'स्वयंवरम्' आला. पुण्यातूनच शिकून गेलेले दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतले नट नव्हेत) आणखी पुढे गेले. त्यांच्या 'ओडेसा' या गटाने गावोगाव फिरून चित्रपट दाखवले, लोकांकडून पैसे गोळा केले आणि त्या पैशातून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' केला. म्हणजे पुन्हा संभावनाच. पैसे देणारा गावकरी त्या चित्रपटाचा निर्माता.

आता ज्या चित्रपटांमुळे तुम्हाला प्रश्न पडला असेल त्यांच्याकडे येतो. 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' मार्च २०१८ मध्ये आला तेव्हा मी तिथेच होतो. मलप्पुरम आणि आमच्या भागात 'सेवन्स' हे वेड आहे: सात-सात जणांचा फुटबॉल, कापणी झालेल्या भातखाचरात किंवा मोकळ्या मैदानात, भोवती सुपारीच्या खोडांची नि बांबूंची तात्पुरती गॅलरी, तिकीट लावून. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाची त्याला मान्यता नाही, आणि गॅलरीत बसायला जागाही नसते. क्लब आफ्रिकेतून खेळाडू आणतात. गावात सगळ्यांना सरसकट 'सुडानी' म्हणतात, मग तो नायजेरियाचा का असेना. चित्रपटातला मजीद अशाच कर्जात बुडालेल्या क्लबचा मॅनेजर, आणि जखमी खेळाडूला तो घरी आणून ठेवतो. त्या घरातल्या दोन म्हाताऱ्या आठवतात? सावित्री श्रीधरन आणि सरसा बालुश्शेरी. दोघींनी आयुष्य कोझिकोडकडच्या नाटकांत काढलं आणि त्या वर्षीचा राज्य पुरस्कार दोघींना विभागून मिळाला. आमच्या क्लबच्या पायरीवर त्या दिवशी जो आनंद होता तो चित्रपटाला मिळालेल्या कौतुकापेक्षा जास्त होता, कारण तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांची नाटकं तरुणपणी मांडवात बसून पाहिली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक. रस्त्याच्या एका बाजूला अर्जेंटिनाचा फलक, समोर ब्राझीलचा, नि दोन्ही एकाच क्लबच्या पोरांनी लावलेले. ३० जूनला अर्जेंटिना फ्रान्सकडून ४-३ ने हरला तेव्हा कित्येक घरांत त्या रात्री जेवण झालं नाही. ६ जुलैला बेल्जियमने ब्राझीललाही घरी पाठवलं आणि गावात पुन्हा एकी झाली. २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या पुल्लावूर इथे नदीत मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा राहिला, मग ब्राझीलवाल्यांनी नेमारचा चाळीस फुटी केला, आणि ते छायाचित्र फिफाने जगभर दाखवलं, ते तुम्ही पाहिलं असेल.

आणि मग ऑगस्ट आला. २०१८ चा पूर. आमचं गाव उंचावर होतं, पण वायनाडची वाट दरडींनी अडली होती आणि चालकुडीकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या. १६ तारखेला संध्याकाळी क्लबात गेलो तर कॅरम बोर्ड स्टँडवरून उतरवून चार खुर्च्यांवर उलटा ठेवला होता आणि त्यावर तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या बांधणं चालू होतं. ओणमच्या कार्यक्रमासाठी आणलेला माईक दारात ठेवून सचिव यादी वाचत होता: मेणबत्त्या, काड्यापेट्या, चटया, लहान मुलांचं दूध, सॅनिटरी पॅड, विहिरींसाठी ब्लीचिंग पावडर. त्याचा आवाज अगदी उरियडीची नावं पुकारतो तसाच, एकसुरी आणि खणखणीत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, डावे, मुस्लिम लीगवाले, काँग्रेसवाले, कुणी कोणाला काही विचारत नव्हतं. एरवी क्लबला पक्षाचा रंग असतो आणि निवडणुकीत तो चांगला भडक दिसतो, हेही खरं आहे. त्या वर्षी ओणमचा कार्यक्रम झाला नाही. जमलेली सगळी संभावना मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीत गेली आणि त्याची पावती काचेच्या कपाटात चषकांच्या ओळीत ठेवली. मी बदली होऊन निघालो तेव्हाही ती तिथेच होती.

एक गोष्ट मात्र चित्रपटात खटकते आणि प्रत्यक्षातही मला खटकली. त्या पायरीवर बायका नाहीत. मुली तिरुवातिरा नाचायला आणि बक्षीस घ्यायला येतात, आणि अंधार पडला की घरी. बायकांचं एकत्र येणं वेगळ्या वाटेने झालं आहे: १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुडुंबश्रीच्या 'अयल्‌कूट्टम्'मधून, म्हणजे शेजारणींच्या गटांतून. तिथे बचत होते, हिशेब होतो, भांडणं मिटतात, आणि पुरानंतर घरांतला चिखल काढायला आमच्या भागातून क्लबच्या पोरांइतक्याच या बायका गेल्या होत्या. त्यांच्यावर तसे चित्रपट अजून यायचे आहेत. मला ते पाहायचे आहेत.

क्लब समजून घ्यायला एकच चित्रपट पाहायचा असेल तर २०१७ चा 'रक्षाधिकारी बैजू ओप्पु' पाहा, रंजन प्रमोद यांचा, बिजू मेनन नायक. शेवट सांगतोय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. ओप्पु म्हणजे सही. आपल्या छापील पत्रकांत खाली 'सही/-' असतं ना, तसं तिथे 'ओप्पु' असतं. म्हणजे नाव झालं 'रक्षाधिकारी बैजू, सही/-'. सरकारी नोकरी, घरसंसार, आणि तरी सकाळ-संध्याकाळ मैदानावर पोरांबरोबर असलेला हा माणूस. पडद्यावर फारसं काही घडत नाही. मॅच होते, भांडण होतं, कुणाचं लग्न ठरतं. आणि मग कळतं की मैदान क्लबचं कधीच नव्हतं, मालकाचं होतं, आणि तिथे आता इस्पितळ उभं राहणार. कुणी वाईट नाही, इस्पितळही वाईट नाही. मी हा चित्रपट क्लबच्या पोरांबरोबर थिएटरात पाहिला आणि परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. आमचं मैदानही कुणाच्या तरी मालकीचंच होतं.

ते मैदान गेलं. २०२१ मध्ये तिथे कुंपणाची भिंत उभी राहिली आणि आता चार घरं आहेत. पोरं हल्ली कापणीनंतर देवळामागच्या खाचरात खेळतात. खोली आहे, वायनशाला आहे, वार्षिकही होतं. मी आता पनवेलला असतो. इथल्या मल्याळी शेजाऱ्यांची मुलं रविवारी केरळ सरकारच्या 'मल्याळम मिशन'च्या वर्गाला जातात. पहिल्या परीक्षेचं नाव 'कणिक्कोन्ना', आपला बहावा. त्यांच्या पुस्तकात मऴ आणि पुऴ पाहिलं की मला तो स्ट्रायकरचा टक् आवाज ऐकू येतो.

यंदाच्या वार्षिकाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. आशंसेच्या यादीत शेवटचं नाव माझं, पुढे 'मुंबई'. सचिव आता तोच दहावीतला पोरगा आहे. येता येणार नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं, बोलून पाठवा, माईकला लावतो. मी दीड मिनिटाचं बोलून पाठवलं, त्यात मैदानाच्या वाटेचाही उल्लेख केला. पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं: 'छान आहे सर. फक्त वऴि परत म्हणा.'